ते भरून कधी येणार?

टू-डी एकोच्या खोलीत एसी इतका वाढवलेला होता, की नाना उघड्या अंगानं डाव्या कुशीवर झोपले तेव्हा त्यांच्या दंडावर आलेला काटा मला दाराजवळूनसुद्धा दिसला. डॉक्टर तरुण होते, माझ्याहून दहा-एक वर्षांनी लहान असतील. त्यांनी बाटली दाबून छातीवर जेलीचा गोळा सोडला, नाना दचकले, आणि मग पडद्यावर ती करडी, धुरकट, सारखी उघडझाप करणारी आकृती आली. चार महिन्यांपूर्वी, अ‍ॅटॅकनंतर पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला त्यात ओ की ठो कळलं नव्हतं. या वेळी थोडं कळत होतं. एक भिंत नेमानं आत येत होती, बाहेर जात होती. टोकाकडचा भाग मात्र शेजारच्या ओढीनं नुसता हेलकावत होता, स्वतःहून काही करत नव्हता. डॉक्टर बोट ठेवून म्हणाले, "काका, हा भाग हलत नाही बघा. अ‍ॅटॅक इथेच आला होता." नानांनी मान वाकडी करून पडद्याकडे पाहिलं आणि फुटलेल्या बांधाबद्दल विचारावं तसं विचारलं, "मग ते भरून कधी येणार?"

डॉक्टर सरळ माणूस होते. त्यांनी उगाच गोलगोल सांगितलं नाही. "काका, ते आता भरून येत नाही. तिथे डाग राहतो. राहिलेलं हृदय सांभाळायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत." नाना "बरं" म्हणाले. कागदानं छाती पुसली, बंडी चढवली, गळ्यातली माळ सरळ केली. बाहेर येऊन चपला घालताना खाली बघतच मला म्हणाले, "बैलाच्या खांद्याला आलेली जखमसुदिक भरून येती." मग तो विषय त्यांनी कधी काढला नाही. तारडगावापर्यंतच्या प्रवासात त्यांनी खिडकीतून उसाकडे बघत कोणाचा तुटला, कोणाचा राहिला एवढंच सांगितलं. मी गाडी चालवत होतो आणि माझ्या डोक्यात तेवढं एकच वाक्य होतं.

रिपोर्टवर लिहिलं होतं, ईएफ ३५ टक्के. आमच्याकडे त्याला ईएफ कोणी म्हणत नाही, पंपिंग म्हणतात. भेटायला येणारा प्रत्येक जण चहाचा कप हातात घेतला की विचारतो, "पंपिंग किती?" पस्तीस म्हटल्यावर आमचे धाकटे काका म्हणाले, "म्हंजी काठावर पास की! दहावीला आपण सगळेच तेवढ्यावर सुटलोय." सगळे हसले, नानाही हसले. मग मी शहाण्यासारखं समजावून सांगितलं, की निरोगी माणसाचंही शंभर नसतं. ५५ ते ७० असतं. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर पडतं त्याचं ते माप आहे. काकांना ते पटलं नाही. शंभरातलं तीस रक्त आतच ठेवायचं, हा काय व्यवहार झाला?

खरं तर त्या रात्रीचा हिशोब माझ्याकडे लागतो. रात्री अकराला छातीत जळजळ सुरू झाली. आईनं ओवा दिला, मग सोडा दिला, मग मला पुण्याला फोन लावला. मी म्हणालो, पित्त असेल, डाव्या कुशीवर झोपायला सांग. इंटरनेटवर कुठेतरी वाचलं होतं. नाना माझ्या सांगण्यावरून रात्रभर डाव्या कुशीवर झोपून राहिले. पहाटे घाम फुटला, उलटी झाली, तेव्हा शेजारच्यांनी गाडी काढली. बंद शिर उघडून स्टेंट बसेपर्यंत दहा तास गेले होते. रक्त थांबल्यावर अर्ध्या तासाच्या आतबाहेर हृदयाच्या पेशी मरायला लागतात. आधी आतल्या अस्तराकडच्या, मग तासागणिक बाहेर बाहेर. मोठ्या अ‍ॅटॅकमध्ये मेलेल्या पेशींचा आकडा शंभर कोटींच्या घरात जातो. एकोच्या टेबलावर डॉक्टरांनी "डाव्या कुशीवर वळा काका" म्हटलं तेव्हा मी दाराबाहेर का गेलो नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

भरून येणं. आपल्या भाषेत किती गोष्टी भरून येतात. आभाळ येतं, ऊर येतो, डोळे येतात, खपली धरलेली जखम येते. नानांनी तो शब्द विचार करून वापरलेला नव्हता, पण मी हिशेबनीस माणूस, मला शब्दाची पावती लागते. रात्री जेवणं झाल्यावर मी मोबाइलवर वाचायला लागलो. डॉक्टरी इंग्रजी अवघड, एकेक परिच्छेद तीनतीनदा वाचायचा. पहिल्यांदा हे कळलं, की त्या डागाला मी उगाच शिव्या देत होतो. मेलेला स्नायू शरीर काही दिवसांत उपसून काढतं. तेव्हा भिंत सगळ्यात कच्ची असते, फाटूही शकते. मग तिथे घाईघाईनं चिवट तंतू विणले जातात आणि सहा-आठ आठवड्यांत घट्ट डाग तयार होतो. तो डाग नसता तर नाना घरी आले नसते. पण ते ठिगळ आहे, कापड नव्हे. ते ओढ सहन करतं, ओढत नाही.

मग स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांचं २००९ सालचं एक काम वाचलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. प्रश्न नानांचाच होता: हृदयात नव्या पेशी येतात का? तो सोडवायला त्यांनी अणुबॉम्ब वापरला. म्हणजे असं, की पन्नास-साठच्या दशकांत अमेरिका-रशियानं उघड्यावर जे स्फोट केले, त्यांनी हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा जरा जड प्रकार, एकदम वाढला. उघड्यावरचे स्फोट थांबवणाऱ्या १९६३ च्या करारानंतर तो हळूहळू उतरत गेला. हवेतून तो झाडांत, झाडांतून माणसांत आला. पेशी ज्या साली जन्मते त्या सालची हवा तिच्या डीएनएत राहते, जन्मतारखेच्या दाखल्यासारखी. त्यावरून हिशोब निघाला, की पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशी वर्षाला सुमारे एक टक्का बदलतात आणि पंचाहत्तरीला ते प्रमाण ०.४५ टक्क्यावर येतं. आख्ख्या आयुष्यात निम्म्यासुद्धा बदलत नाहीत. नानांचा जन्म १९५७ चा. आज त्यांच्या छातीत जे काही धडधडतंय त्यातलं निम्म्याहून अधिक, आज्जी त्यांना पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती तेव्हाचंच आहे. जे गेलं तेही बहुतेक तेव्हाचंच होतं.

तर भरून येत नाही. मग भरता येतं का?

हा प्रश्न विचारणारे लोक जगात आहेत आणि ते गेली वीसेक वर्षं सुईतून हृदयात काय भरावं याच्या मागे आहेत, हे मला त्या वाचनातच कळलं. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या विद्यापीठात कॅरन क्रिस्टमन नावाच्या बाई आहेत. त्यांनी केलेला जेल डुकराच्या हृदयाचा. डुकराचं हृदय आपल्याच मापाचं असतं. त्याचे बारीक तुकडे करून साबणाच्या जातीच्या द्रावणात दिवसेंदिवस घोळत ठेवतात. त्यातल्या पेशी धुऊन निघतात, लाल रंग जातो आणि मागे पांढरंफटक काहीतरी उरतं. हे वाचताना जाळी पडलेलं पिंपळपान आठवावं अशी आपल्याला शाळेपासून सवय आहे. मला परसातलं घोसाळं आठवलं. आज्जी वेलावर एखाददुसरं घोसाळं मुद्दाम जून होऊ द्यायची. ते वाळून खुळखुळायला लागलं की साल सोलायची, बिया झटकायची आणि उरलेल्या जाळीनं आमची पाठ घासायची. गर गेला तरी त्याचा आकार कुठे जात नव्हता. हृदयातही तशीच जाळी असते, पेशींना धरून ठेवणारी. ती सुकवून तिची पूड करतात, पोटात अन्न पचवणारं पेप्सिन घालून ती विरघळवतात आणि मग ते पाणी सुईतून जाईल असं होतं. अंगाच्या उबेनं ते थिजतं. आपल्याला तूप माहीत, थंडीत थिजतं आणि उबेनं पातळ होतं. हे उलटं. खरवसासारखं.

२०१९ मध्ये या जेलची माणसांवरची पहिली चाचणी छापून आली. एकूण पंधरा माणसं. सगळ्यांना अ‍ॅटॅक येऊन साठ दिवस ते तीन वर्षं झालेली, सगळ्यांना स्टेंट बसलेले, सगळ्यांचं पंपिंग २५ ते ४५ च्या मधलं. हे वाचून मी मोबाइल खाली ठेवला. म्हणजे नाना त्या चाळणीतून आरपार गेले असते. मांडीच्या शिरेतून नळी हृदयाच्या डाव्या कप्प्यात न्यायची, कुठली भिंत जिवंत आणि कुठली मेलेली याचा विजेच्या खुणांवरून नकाशा काढायचा आणि आतल्या बाजूनं सुई टोचत ठिकठिकाणी थेंब थेंब जेल सोडायचा. धोका नाही एवढंच बघायचं होतं, आणि तो फारसा दिसला नाही. गुण किती येतो हे त्या चाचणीतून सिद्ध होणारच नव्हतं; पंधराही जणांना जेल दिलेला, मग तुलना कोणाशी करणार? तरी नोंद आहे, की त्यांचं सहा मिनिटांतलं चालणं वाढलं. आणि हृदयाच्या आकारात जो फरक पडला तो मुख्यतः अ‍ॅटॅकला वर्ष उलटून गेलेल्यांत. उशीर झालेल्यांत! मला त्या एका ओळीचा किती आधार वाटला हे लिहायला लाज वाटते. आणि हा जेल तिथे बसून राहात नाही. प्राण्यांमध्ये पाहिलंय, की काही आठवड्यांत तो विरून जातो. शरीराच्या पेशींनी तिथे यावं, डागाऐवजी जरा बरं काही विणावं, म्हणून तो बोलावणं धाडतो आणि निघून जातो.

पण डुक्कर.

नाना माळकरी. पस्तीस-चाळीस वर्षं झाली माळ घालून. घरात अंडं शिजत नाही, एकादशीला कांद्याची टोपली कोनाड्यात झाकून ठेवतात. अँजिओला आत नेण्याआधी सिस्टरनी एक प्लॅस्टिकची पिशवी माझ्या हातात दिली होती: तुळशीची माळ, तोडलेला करदोटा, खालची-वरची कवळी. ती पिशवी धरून मी तीन तास बाकावर बसलो होतो आणि सगळा वेळ मला वाटत होतं, की नाना आत नाहीतच, या पिशवीत आहेत. पुढे चार-पाच दिवस त्यांच्या पोटात सकाळ-संध्याकाळ रक्त पातळ ठेवण्याचं इंजेक्शन टोचत होते. बेंबीच्या दोन्ही बाजूंना रुपयाएवढे काळेनिळे डाग पडले होते. मेडिक्लेमसाठी मी औषधांची सगळी रिकामी खोकी जपून ठेवली होती. महिन्याभरानं क्लेम भरताना सवयीनं एका खोक्यातला तो पातळ, घड्यांचा कागद उलगडला आणि बारीक अक्षरांत वाचलं, की हे औषध डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. खोकं परत मिटवलं. बिलांना टाचणी लावली. नानांना सांगितलं नाही, आईलाही नाही. तेव्हा वाटलं, गरज काय सांगायची? नंतर वाटायला लागलं, की चाळीस वर्षं जपलेल्या त्यांच्या एका गोष्टीचा निकाल मी एकट्यानंच लावून टाकला. आपल्याच देशात तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेनं डुकराच्या पित्ताशयाच्या अशाच जाळीपासून जखमेवर लावायचं आवरण केलंय, त्याला २०२३ मध्ये केंद्राची परवानगीही मिळाली. डुकराच्या झडपा तर कित्येक वर्षं माणसांच्या हृदयात उघडमीट करताहेत. पण हे सगळे युक्तिवाद झाले. वराह हाही अवतारच, असा एक मी तयार करून ठेवला होता, लागला तर असावा म्हणून.

डुक्कर नको असेल तर शेवाळ आहे. हे वाचून मला आधी हायसं वाटलं. समुद्रातल्या तपकिरी शेवाळातून अल्जिनेट नावाचा चिकट पदार्थ निघतो. स्टॅनफर्ड नावाच्या रसायनतज्ज्ञानं १८८१ मध्ये तो स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या शेवाळातून काढला. आपल्या कोकणातही खडकांवर ते तपकिरी झुबके ओहोटीला उघडे पडतात. मालवणला मुलांच्या पायांत अडकतात. आता ते आइस्क्रीममध्ये असतं, जखमेच्या पट्ट्यांत असतं, दातांच्या दवाखान्यात असतं. कवळीचं माप घ्यायला नानांच्या तोंडात डॉक्टरांनी चमचाभर थंडगार लगदा कोंबला होता आणि दोन मिनिटांत तो रबरासारखा घट्ट होऊन हिरड्यांचा ठसा घेऊन बाहेर आला होता, तो याच कुळातला. कॅल्शियम भेटलं की अल्जिनेट थिजतं. अ‍ॅटॅकनं जखमी झालेल्या भागात कॅल्शियम जास्त असतं. इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी यावरच बेत केला. हृदयाच्या शिरेतून पातळ अल्जिनेट सोडायचं, ते गळक्या बारीक वाहिन्यांतून जखमेत झिरपेल, तिथलं कॅल्शियम त्याला थिजवेल आणि हृदय पसरण्याआधी आतून टेकू मिळेल. छाती उघडायला नको, हृदयात सुई टोचायला नको. मला तर ते वाचूनच पटलं होतं. ३०३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. सहा महिन्यांनी मापं घेतली. ज्यांना अल्जिनेट दिलं आणि ज्यांना नुसतं मिठाचं पाणी, त्यांच्या हृदयांत फरक नव्हता.

हिशेब तपासणाऱ्याला रकमा जुळल्या नाहीत तर एक ओळखीचा थकवा येतो. तसा आला. अल्जिनेटचीच दुसरी तऱ्हा होती, बरगड्यांमधून छाती उघडून हृदयाच्या भिंतीत सुयांनी थेट भरायची. त्यात ७८ माणसं होती. सहा महिन्यांनी ज्यांना भरलं होतं त्यांचा दम जास्त टिकत होता, ती जास्त चालत होती. पण ज्या ३५ जणांची ही शस्त्रक्रिया झाली त्यांतले तीन महिन्याभराच्या आत गेले. आकडेवारीत ते ८.६ टक्के असं लिहितात. पस्तीसातले तीन म्हणजे आमच्या दिंडीतल्या दोन ओळींतली तीन माणसं.

आमच्या जुन्या घराची उत्तरेकडची भिंत पांढऱ्या मातीची आहे, दोन हात जाड. मी चौथी-पाचवीत असताना एका पावसाळ्यात तिला बाहेरून पोट आलं. गवंडी आला, ओळंबा सोडला, म्हणाला, पातळ झालीय तिथंच फुगतीय आणि फुगतीय म्हणून आणखी पातळ होतीय. हृदयाच्या बाबतीत हेच सूत्र दोनशे वर्षांपूर्वीच्या लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावावर आहे: आतला दाब जितका जास्त, खोली जितकी रुंद आणि भिंत जितकी पातळ, तितका भिंतीवर ताण. डाग ताणला जातो, कप्पा रुंदावतो, त्यामुळे ताण वाढतो, म्हणून कप्पा आणखी रुंदावतो. अ‍ॅटॅक एका रात्रीचा असतो, हे पुढे वर्षानुवर्षं चालतं. पायावर सूज येते ती इथून, 'पाण्याची गोळी' लागते ती इथून. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच काही जणांनी संगणकावर हृदयाची प्रतिकृती केली आणि डागाच्या सीमेवर, भिंतीच्या साडेचार टक्के एवढाच माल भरून पाहिला. निर्जीव माल, न आकसणारा, न धडधडणारा. भिंतीतला ताण सुमारे वीस टक्क्यांनी उतरला. जिवंत नसलेल्या गोष्टीनं नुसतं तिथं असण्यानं एवढं होऊ शकतं, हे मला गणितापेक्षा आज्जीमुळे पटलं.

ती भिंत आज्जीनं लिंपली होती. माती चाळून, त्यात शेण आणि गव्हाचा भुसा घालून तिनं ते काल्हण रात्रभर मुरत ठेवलं. सकाळी त्याला आंबूस, गोठ्यासारखा वास येत होता. मी चिरेत एकदम गोळा कोंबायला गेलो तर तिनं हातावर चापट मारली. आधी तांब्यातलं पाणी तोंडात घेऊन तिनं चिरेवर फुर्रकन फवारलं, एकदा, दोनदा, तीनदा, चीर काळी पडेपर्यंत. मग म्हणाली, "कोरड्या भिंतीला वली माती धरत न्हाई. आधी तिला घेऊ वाटलं पायजे." नंतर अंगठ्यानं आत आत दाबत ती भरत गेली. त्या भुशाच्या काड्या अजून भिंतीत दिसतात. पोट तसंच आहे, पण पुढे वाढलं नाही. आता वाचताना मला सारखं वाटतं, त्या ३०३ जणांच्या भिंतींना घेऊ वाटलं नसेल. हे शास्त्र नव्हे, मला माहीत आहे.

क्रिस्टमनबाईंच्याच प्रयोगशाळेतून २०२२ मध्ये आणखी एक गोष्ट आली. जेलमधला अगदी बारीक अंश वेगळा काढून रक्तातूनच सोडायचा. अ‍ॅटॅकनंतर वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला ज्या फटी पडतात तिथे तो जाऊन चिकटतो, फटी बुजवतो, सूज कमी करतो. उंदीर आणि डुकरांत जमलंय. हे माणसात जमलं तर स्टेंट बसवतानाच, डाग बनायच्या आधी देता येईल. म्हणजे नानांच्या उपयोगाचं नाही. पुढच्या कोणाच्या, कदाचित माझ्या. आमच्याकडे हे रक्तातूनच चालत आलंय, आजोबाही असेच 'पित्तानं' गेले होते. झेब्राफिश नावाचा एक बोटाएवढा पट्टेरी मासा आहे, आपल्याच गंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्या-खाचरांतला. त्याच्या हृदयाचा पाचवा हिस्सा कापून टाकला तरी दोन महिन्यांत पुन्हा उगवतो. हे मी रात्री दीडला वाचलं आणि मला त्या माशाचा राग आला. मोबाइल बंद केला. पुढे आठवडाभर काही वाचलं नाही.

मागच्या शनिवारी गावी गेलो. फिजिओथेरपीच्या मॅडमनी नानांची सहा मिनिटांची चाल घेतली होती, दवाखान्याच्या बोळात, तीस मीटरवर दोन शंकू ठेवून. ती नानांना आवडली. ज्या माणसानं आळंदी ते पंढरपूर बावीस वाऱ्या केल्या, ज्याच्या घरावरून दरवर्षी पालखी जाते, त्याला एवढ्याशा बोळात मापून बघतात याची आधी त्यांना गंमत वाटली आणि मग ईर्षा. आता घरी रोज संध्याकाळी गोठ्यापासून मारुतीच्या देवळाकडे निघतात. फोनवर सहा मिनिटं लावायची, घंटी वाजली की जिथे असतील तिथे थांबायचं. रस्त्याच्या कडेला त्यांनी एक दगड ठेवलाय, आजवर सगळ्यात लांब गेलेल्या दिवसाचा. मी फोन धरून बरोबर चाललो. बोलायचं नाही असं मॅडमनी सांगितलंय, त्यामुळे फक्त त्यांच्या चपलांचा आवाज आणि श्वास. तिसऱ्या मिनिटाला श्वासाला शिट्टीसारखी बारीक किनार येते. मी तिच्याकडे कान लावून होतो, आणि कान लावलाय हे त्यांना कळू नये म्हणून उसाकडे बघत होतो.

परतताना पारावर बसलो तेव्हा सांगून टाकलं. आधी जेलचं, मग शेवाळाचं, मग इंजेक्शनचं. ते काहीच बोलेनात, तेव्हा मी घाईनं म्हणालो, "नाना, तेव्हा विचारायला वेळच नव्हता." नानांनी माळेतला एक मणी बोटात फिरवला. "मला न्हाई विचारलं ते ठीक हाय," ते म्हणाले. "मी बेसुद व्हतो. डुकराला तरी कुणी विचारलं व्हतं?" माझा वराह अवतार माझ्यापाशीच राहिला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, शेवाळ उपासाला चालतं का. मी म्हटलं, चालत असावं, पण शेवाळाचा गुण आला नाही. "आन् डुकराचा?" पंधराच माणसांत बघितलंय, म्हटलं, जास्त चालायला लागली. "किती चालायला लागली" हे त्यांनी विचारलं नाही. धोतराचा सोगा वर घेतला, उठले आणि म्हणाले, "परत लाव घड्याळ. मघाशी मधी ट्रॅक्टर आडवा आला व्हता."

दुसऱ्यांदा चालू नये असं मी म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. पुन्हा गोठ्यापासून निघालो. घंटी वाजली तेव्हा दगड दोन पावलं पुढे होता. नाना जागच्या जागी थांबले, कमरेवर हात ठेवून दम घेत उभे राहिले. मी पुढे होऊन दगड उचलला आणि त्यांच्या पायाशी आणून ठेवायला लागलो.

"ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "व्हता तितं ठेव."